रिकॅल्सिट्रंट : न बधणाऱ्याचे विशेषण

ज्याने ऐकावे, वळणावर यावे किंवा उपचाराला प्रतिसाद द्यावा अशी अपेक्षा असते, तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही बधत नाही, तेव्हा त्याच्यासाठी इंग्रजीत रिकॅल्सिट्रंट हे विशेषण वापरतात. माणूस, सरकार, जनावर, आजार, रसायन, झाडाचे बी, कशालाही ते लागते. उच्चार रि-कॅल्-सि-ट्रंट असा असून आघात ‘कॅल्’वर येतो. शब्द ग्रांथिक आहे. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही घरगुती बोलण्यात तो क्वचितच काढतात. अग्रलेख, न्यायालयाचे निकाल, सरकारी अहवाल आणि शोधनिबंध इथेच तो जास्त भेटतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणारे विद्यार्थी स्पर्धा परीक्षांसाठी असे शब्द यादीने पाठ करतात. यादीत त्याच्यापुढे बहुधा एकच अर्थ असतो : हट्टी. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. हट्टी माणूस एकटा असतानाही हट्टी असू शकतो. रिकॅल्सिट्रंट ठरण्यासाठी मात्र समोर कोणीतरी लागतो, आणि त्या कोणाची तरी अशी धारणा लागते की याने आपले ऐकायलाच हवे.

शब्दाचे मूळ गोठ्यात आणि तबेल्यात आहे. लॅटिनमध्ये ‘काल्क्स’ म्हणजे टाच. त्यावरून ‘काल्सित्रारे’ म्हणजे लाथ झाडणे, आणि मागे या अर्थाचा ‘रे’ जोडून ‘रेकाल्सित्रारे’ म्हणजे मागच्या पायाने लाथ मारणे. जू मानेवर घ्यायला किंवा लगाम तोंडात घ्यायला तयार नसलेले जनावर करते तीच ही कृती. बायबलच्या जुन्या लॅटिन अनुवादात पराणीवर लाथ झाडणाऱ्या बैलाचा दाखला येतो, तिथेही हेच ‘काल्सित्रारे’ क्रियापद आहे. लाथ झाडली की पराणीचे टोक आणखी रुतते, असा त्या दाखल्याचा रोख. टाचेच्या हाडाला डॉक्टर कॅल्केनियस म्हणतात ते याच ‘काल्क्स’वरून. वारंवार सांगून मनावर बिंबवणे या अर्थाचे इनकल्केट हे इंग्रजी क्रियापदही टाचेचेच : मूळ अर्थ टाचेने दाबून आत बसवणे. शिकवणाऱ्याची टाच एका शब्दात आणि न शिकणाऱ्याची दुसऱ्यात, अशी ही दोन भावंडे आहेत.

फ्रेंचमध्ये हा शब्द माणसांना लागला आणि एकोणिसाव्या शतकात विशेषण म्हणून इंग्रजीत रुळला. तोवर जनावराची लाथ अर्थातून निघून गेली होती. उरला होता तो फक्त विरोध.

मराठीने याच अनुभवासाठी दुसरे जनावर आणि दुसरी हालचाल निवडली. अडेलतट्टू. चालता चालता मध्येच थांबलेले, चुचकारून, ओढून, मारूनही जागचे न हलणारे तट्टू. इंग्रजीतले जनावर लाथ मारते, मराठीतले पाय रोवून उभे राहते. म्हणून अडेलतट्टू हा रिकॅल्सिट्रंटचा सर्वांत जवळचा मराठी सोयरा असला तरी दोघांत थोडे अंतर आहे. अडेलतट्टूपणात नुसती अडवणूक असते. रिकॅल्सिट्रंट म्हटल्यावर तिच्यात उलट वार करण्याची धमकही येऊ शकते. ती छटा हवी असेल तर मराठीत शिरजोर, मुजोर, उद्दाम हे शब्द आहेत. गुरांसाठी आणि पोरांसाठी एकाच दमात वापरले जाणारे द्वाड आणि नाठाळ हे शब्दही याच कुळातले आहेत. दावणीतले जनावर आणि वर्गातले मूल यांना एकच विशेषण लावण्याची सवय दोन्ही भाषांना आहे.

इंग्रजीत विरोधाची विशेषणे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यातला भेद कळला की या शब्दाची जागा नेमकी दिसते. स्टबर्न हा सर्वांत साधा : हट्टी, प्रसंगी कौतुकानेही म्हटलेला. ऑब्स्टिनेटमध्ये चुकीच्या गोष्टीला चिकटून राहिल्याची नापसंती येते. मराठी हेकट किंवा हेकेखोर. ऑब्ड्युरेट म्हणजे मन दगडासारखे घट्ट झालेला. निगरगट्ट, पाझर न फुटणारा. डिफायंट उघड आव्हान देतो, समोर येऊन नाही म्हणतो, आणि त्यात धैर्याची छटा असू शकते. इंट्रान्सिजंट तडजोडीला नकार देतो. हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश राजकारणातल्या एका जहाल गटाच्या नावावरून आला, त्यामुळे वाटाघाटींच्या बातम्यांत तो हमखास दिसतो. रिफ्रॅक्टरी हा अर्थाने रिकॅल्सिट्रंटच्या अगदी शेजारी आहे, पण त्याने भट्टीचा रस्ता धरला : प्रचंड उष्णतेतही न वितळणाऱ्या विटांना रिफ्रॅक्टरी विटा म्हणतात. औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या अपस्मारालाही हेच विशेषण लागते. रेझिस्टंट हा सर्वांत निर्विकार. रेनकोट पाण्याला रेझिस्टंट असतो, त्यात कोणाचा दोष नसतो.

रिकॅल्सिट्रंटमध्ये मात्र दोष असतोच. हा शब्द वापरणारा स्वतः शिक्षकाच्या, मालकाच्या, सरकारच्या किंवा वैद्याच्या खुर्चीत बसलेला असतो, नाहीतर निदान त्या खुर्चीतून पाहत असतो. विद्यार्थी मुख्याध्यापकांना रिकॅल्सिट्रंट म्हणत नाही, कामगार मालकाला म्हणत नाही. म्हटलेच, तर आता हुकूम देण्याचा अधिकार आपल्याकडे आला आहे असे तो सुचवत असतो. वाचताना हा शब्द आला की वर्णन ज्याचे आहे त्याच्याइतकेच वर्णन करणाराही कुठे उभा आहे हे पाहावे लागते.

या छटेमुळे दोन देशांत बखेडा झाल्याचे प्रसिद्ध उदाहरण १९९३ सालचे आहे. आशिया-प्रशांत आर्थिक सहकार्य संघटनेच्या नेत्यांची बैठक त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सिॲटलला भरली. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद तिला गेले नाहीत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया ज्यात नसतील असा पूर्व आशियाचा स्वतंत्र आर्थिक गट व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी पत्रकारांशी बोलताना त्यांची गणना रिकॅल्सिट्रंटांत केली. कीटिंग बोलण्यात फटकळ म्हणून ओळखले जात आणि याहून कितीतरी झणझणीत शब्द त्यांनी आपल्या संसदेत वापरले होते. तरीही मलेशियात संताप उसळला. व्यापारी संबंध कमी करण्याची भाषा सुरू झाली आणि अखेर कीटिंग यांना खेद व्यक्त करावा लागला. एका सार्वभौम देशाच्या पंतप्रधानाला हट्टी म्हटले असते तर ती व्यक्तीवरची टीका झाली असती. रिकॅल्सिट्रंट म्हटल्याने बैठकीला येणे हे त्यांचे कर्तव्यच होते आणि ते मोडणारे ते बेशिस्त सदस्य आहेत, असे ध्वनित झाले. मलेशियाचा राग त्या गृहीतावर होता आणि तो समजण्यासारखा आहे.

वर्णन करणारा कुठे उभा आहे या प्रश्नाचे पुणे जिल्ह्याच्या इतिहासातले मोठे उदाहरण मुळशीचे आहे. नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधायचे ठरले आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मावळातल्या भातखाचरांच्या जमिनी घेण्याची कारवाई सुरू झाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली हा लढा १९२४ पर्यंत चालला. बापटांना सेनापती ही पदवी मुळशीनेच दिली आणि सात वर्षांची शिक्षाही याच लढ्याने. कायद्याच्या बाजूने पाहिले तर मोबदला देऊ केल्यावरही जमीन न सोडणारा शेतकरी न बधणारा ठरतो. खाचराच्या बांधावरून पाहिले तर तो आपल्या जागी आहे आणि हलत आहे ते धरण. एकाच कृतीला एकीकडून दुराग्रह आणि दुसरीकडून सत्याग्रह म्हणता येते. आग्रह तोच, आधीचे पद बदलले की बाजू बदलते. इंग्रजी विशेषणात ही सोय नाही. ते एकाच बाजूचे आहे आणि ती बाजू हुकूम देणाऱ्याची आहे.

कायद्याच्या भाषेत शिरल्यावर या शब्दातला रागलोभ गेला आणि त्याला काटेकोर व्याख्या मिळाली. अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात रिकॅल्सिट्रंट साक्षीदारांसाठी स्वतंत्र कलम आहे. न्यायालयाने आदेश देऊनही सबळ कारणाशिवाय साक्ष द्यायला किंवा कागदपत्रे दाखवायला नकार देणाऱ्याला, तो तयार होईपर्यंत, पण जास्तीत जास्त १८ महिने, अटकेत ठेवता येते. आपल्याकडच्या बातम्यांत ‘साक्षीदार उलटला’ किंवा ‘फितूर झाला’ असे येते ते वेगळे. उलटलेला साक्षीदार बोलतो, फक्त आधीच्या जबाबाच्या विरुद्ध बोलतो. रिकॅल्सिट्रंट साक्षीदार तोंडच उघडत नाही.

बँकेच्या कागदांत तर हा शब्द पुण्यातल्या साध्या खातेदाराच्याही अगदी जवळ येऊन गेला आहे. अमेरिकी करदात्यांची परदेशांतली खाती उघड व्हावीत म्हणून अमेरिकेने २०१० मध्ये फॅटका नावाचा कायदा केला. २०१५ मध्ये भारताने त्यासंबंधी अमेरिकेशी करार केला. तेव्हापासून बँकेत खाते उघडताना किंवा म्युच्युअल फंडात पैसे गुंतवताना आपण कोणत्या देशाचे करदाते आहोत हे लिहून द्यावे लागते. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत आणि जे स्वतःही ग्रीन कार्ड घेऊन तिकडे राहून परतले आहेत, अशा कोथरूड-औंधातल्या कुटुंबांना या फॉर्मचा परिचय आहे. वित्तसंस्थेने रीतसर मागूनही ही माहिती न देणाऱ्याला मूळ अमेरिकी कायदा रिकॅल्सिट्रंट खातेदार म्हणतो, आणि त्याला जाणाऱ्या काही रकमांमधून ३० टक्के कापून घेण्याची तरतूद करतो. त्याने लाथ झाडलेली नसते, आवाजही चढवलेला नसतो. टपालाने आलेला फॉर्म टेबलाच्या खणात पडून राहिला एवढेच घडलेले असू शकते, तरी शब्द तोच लागतो. मराठीत इथे मुजोर किंवा हेकट म्हणणे अन्यायाचे होईल. ‘माहिती न देणारा खातेदार’ एवढेच बरोबर आहे.

विज्ञानाने हा शब्द उचलला तेव्हा त्याला सर्वांत सुंदर आणि सर्वांत बोलका उपयोग मिळाला. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातले बीजशास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांचे साठवणीच्या दृष्टीने दोन वर्ग केले. पहिल्याला त्यांनी ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी, हे नाव दिले आणि दुसऱ्याला रिकॅल्सिट्रंट. ज्वारी, बाजरी, गहू, भात, तूर, हरभरा, बाभूळ यांच्या बिया सनातनी आहेत. त्या वाळवल्या की टिकतात. ओलावा जेवढा कमी आणि थंडी जेवढी जास्त तेवढे त्यांचे आयुष्य वाढते, हा त्यांचा नियम. ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास आणून शून्याखाली १८ अंश सेल्सियसला ठेवल्या तर त्या कित्येक दशके उगवणक्षम राहतात. राखेत घोळवलेल्या किंवा कडुनिंबाचा पाला घातलेल्या कणगीतल्या बियाण्यामागे तत्त्व तेच आहे : बी कोरडे ठेवा.

आंबा, फणस, जांभूळ, नारळ, लिची, रबर, कोको यांना हा नियम लागू पडत नाही. आंब्याची ताजी कोय फोडून पाहिली तर आत पांढरट-हिरवट, करकरीत, ओल्या डाळिंब्या दिसतात आणि एका टोकाशी मोडाचा बारीक कोंभ. त्या गराचा जवळजवळ निम्मा भाग पाणी असतो. तीच कोय उन्हात आठ-पंधरा दिवस टाकली की कवच वाळते, आतला गर आकसून तपकिरी होतो आणि कोय हलवली की खुळखुळतो. ती पुढे कितीही पाणी घातले तरी रुजत नाही. शीतपेटीत ठेवली तरी मरते, कारण उष्ण प्रदेशातल्या या बिया गोठणबिंदूच्या पुष्कळ वरच्या थंडीलाही दगावतात. उलट बाजारातून आणलेल्या आंब्याची कोय परसातल्या पालापाचोळ्यात फेकली तर मृगाच्या पहिल्या पावसात तिला आपोआप कोंभ फुटतो.

कारण बीजाच्या घडणीत आहे. ज्वारीचा दाणा कणसातच पिकता पिकता वाळतो. त्या काळात त्याच्या पेशी विशिष्ट शर्करा आणि संरक्षक प्रथिने तयार करतात. पाणी गेल्यावर पेशींच्या पडद्यांना तीच आधार देतात आणि आतला व्यवहार जवळजवळ थांबतो. आंब्याच्या बीजाच्या वाढीत ही वाळण्याची पायरीच नाही. ते थांबतच नाही. फळातून बाहेर पडण्याआधीच त्याची रुजण्याकडे वाटचाल सुरू झालेली असते. पाणी कमी झाले की पेशींचे पडदे फाटतात आणि ते नुकसान भरून येत नाही. ही झाडे जिथे घडली तिथे वाळून थांबण्याची गरजही नव्हती. आंबा आणि जांभूळ उन्हाळ्याच्या शेवटाला पिकतात, बी जमिनीवर पडते आणि पाऊस तोंडावर असतो. थांबून राहिलेल्या बीपेक्षा पटकन रुजलेले बीच तिथे जगते.

म्हणजे हे बी कोणालाही विरोध करत नाही. ते आपल्या पावसाशी तंतोतंत जुळलेले आहे. जुळत नाही ते गोदामाशी. सनातनी आणि बंडखोर ही नावे बीजपेढी चालवणाऱ्याच्या सोयीने पडलेली आहेत, आणि वनस्पतिशास्त्र शिकवताना एवढे सांगितले पाहिजे. कोकणातल्या बायकांना ही गोष्ट शास्त्रीय नावाविना ठाऊक होती. पावसाळ्यात भाजीला घालायच्या फणसाच्या आठळ्या त्या मातीत घोळवून किंवा पुरून ठेवत आल्या आहेत, म्हणजे ओल टिकते. आंब्याच्या कोय कलमाची पद्धतही बीजाच्या रुजण्याच्या घाईवरच उभी आहे. ताज्या कोयी लगेच रुजत घालायच्या आणि दोन आठवड्यांच्या आतबाहेरच्या, अजून तांबूस आणि लुसलुशीत असलेल्या रोपांवर हापूसची काडी बांधायची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ही पद्धत घडवून बागायतदारांपर्यंत पोचवली.

साठवणीचा प्रश्न मात्र खरा आहे. नॉर्वेतल्या स्वालबार्ड बेटांवर २००८ मध्ये सुरू झालेल्या जागतिक बीजकोठारात तापमान शून्याखाली १८ अंश असते. तिथे जगभरच्या धान्याच्या जाती सुरक्षित ठेवता येतात, पण आंब्याची एकही कोय ठेवता येत नाही. आंब्याच्या जाती सांभाळायच्या तर झाडे लावून सांभाळाव्या लागतात. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेत अशी जिवंत झाडांची पेढी आहे. दुसरा मार्ग म्हणजे बीजातला केवळ कोंभ काढून तो शून्याखाली १९६ अंशांवरच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवणे. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकपेढीत अशा गोठवणीची सोय आहे. शिवाय हे दोनच वर्ग पुरेसे नाहीत असेही पुढे दिसले. कॉफीचे बी बऱ्यापैकी वाळवणे सोसते, पण सनातनी बीइतके नाही, म्हणून १९९० मध्ये रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधला तिसरा वर्ग मान्य केला.

ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेतही हे विशेषण रोजच्या वापरातले आहे, आणि त्याची पुण्यातली गोष्ट महत्त्वाची आहे. झाडाचा लहानसा तुकडा निर्जंतुक बाटलीत, साखर, क्षार आणि संप्रेरके घातलेल्या माध्यमावर ठेवून त्यापासून हुबेहूब तशी रोपे करणे म्हणजे ऊतिसंवर्धन. केळीला ते लवकर साधले. वाढलेली वनवृक्षांची खोडे मात्र या उपायाला दाद देत नसत, म्हणून त्यांना रिकॅल्सिट्रंट म्हणत. अडचण अशी की सागासारख्या झाडाचा दर्जा कळायला कित्येक वर्षे जातात. तो कळतो तेव्हा झाड प्रौढ झालेले असते आणि प्रौढ झाडाच्या पेशींची नव्याने फुटण्याची उमेद मंदावलेली असते. तुकडा कापला की त्यातून फिनॉलवर्गीय द्रव्ये झिरपतात, माध्यम काळे पडते आणि तुकडा स्वतःच्याच रसात मरतो. वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या लाकडात आतपर्यंत शिरलेले जंतू बाटलीत फोफावतात.

पुण्यात पाषाणला १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. एफ. मस्करेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकापासून वनवृक्षांवर हे काम केले. १९८० मध्ये त्यांनी शंभर वर्षांच्या सागाच्या डोळ्यांपासून रोपे केल्याचे प्रसिद्ध झाले. रसायनांच्या प्रयोगशाळेत हे व्हावे हे साजेसेच होते, कारण अशा कामात प्रश्न बराचसा माध्यमाच्या रसायनाचा असतो. कोवळा डोळा निवडायचा, झिरपणारी द्रव्ये शोषून घ्यायची, तुकडा वरचेवर ताज्या माध्यमावर हलवायचा, संप्रेरकांचे प्रमाण जुळवत राहायचे. त्याच प्रयोगशाळेतल्या आर. एस. नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि मस्करेन्हास यांनी १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात बांबूविषयीचे संशोधन मांडले. रानात फुलोऱ्यासाठी कित्येक दशके घेणारा बांबू त्यांच्या बाटलीत काही महिन्यांत फुलला आणि त्याला बीही धरले. ज्याला आडमुठे समजले जात होते ते झाड योग्य माध्यम मिळाल्यावर बोलू लागले. वृक्षांच्या बाबतीत हे विशेषण त्यामुळे कायमचे नसते. ते त्या दिवशीच्या ज्ञानाची हद्द सांगते.

लाकूड, पाचट आणि कपाशीच्या पऱ्हाट्या यांच्यातल्या लिग्निनमुळे सेल्युलोजपर्यंत विकरे पोचत नाहीत, या गुणालाही जैवरसायनात रिकॅल्सिट्रन्स म्हणतात. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याच्या सगळ्या तंत्रात खर्चिक भाग तोच, आणि पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजसारख्या कंपन्या त्यावर काम करत आल्या आहेत. मातीत वर्षानुवर्षे न विघटणाऱ्या डीडीटीसारख्या द्रव्यांनाही हेच विशेषण लागते.

वैद्यकात या शब्दाची गरज भारताला अलीकडे फार भासली आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभर गजकर्णाची साथ म्हणावी इतका प्रादुर्भाव वाढला आणि पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जाणारा विकार महिनोन्महिने हटेनासा झाला. त्वचारोगतज्ज्ञ त्याला रिकॅल्सिट्रंट म्हणतात, आणि रेझिस्टंट या शब्दाशी त्याची गल्लत न होणे रुग्णाच्या हिताचे आहे. रेझिस्टंट बुरशी म्हणजे प्रयोगशाळेत औषधाची मात्रा वाढवूनही न मरणारी. भारतातल्या साथीत मुख्यतः आढळणाऱ्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले. तिच्या काही वाणांत जनुकातल्या बदलामुळे टर्बिनाफिनचा परिणाम होत नाही. पण बुरशी औषधाला मरणारी असूनही आजार रिकॅल्सिट्रंट असू शकतो. खाज थांबताच औषध अर्धवट सोडलेले असते, घरातल्या दुसऱ्याचा टॉवेल वापरात असतो, दमट हवेत घट्ट कपडे दिवसभर अंगावर असतात. शिवाय औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या मलमात स्टिरॉइड असते. ते लाली आणि खाज तेवढी दाबते, बुरशीला मोकळे रान देते आणि चट्ट्याचे रूप असे बदलते की डॉक्टरलाही ओळखू येत नाही. त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला तो यासाठीच. तेव्हा केसपेपरवर हा शब्द दिसला तर ‘औषध चालत नाही’ असा अर्थ लावून उपचार सोडू नये. आजार का हटत नाही याचा शोध अजून बाकी आहे, असा तो अर्थ आहे.

मराठीत इथे एक तयार वाक्प्रचार आहे : दाद न देणे. आजार औषधाला दाद देत नाही, गाठ सुरीला दाद देत नाही, पोर कोणालाच दाद देत नाही. आजार आणि माणूस दोघांनाही तो चालतो, त्यात शिवी नाही आणि विरोध कशाला हेही सांगता येते. बहुतेक ठिकाणी रिकॅल्सिट्रंटसाठी हाच उत्तम पर्याय आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांनी १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशात एका इंग्रजी शब्दापुढे संदर्भानुसार अनेक मराठी शब्द देण्याची रीत ठेवली. पुण्यात य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत काढलेल्या महाराष्ट्र शब्दकोशात असे शेकडो बोलीतले शब्द जागच्या जागी मिळतात. अनुवाद करणाऱ्याने एकच प्रतिशब्द ठरवून टाकण्याऐवजी त्या साठ्यातून निवड करावी. पक्षादेश न मानणारा आमदार बंडखोर, वर्गातले मूल द्वाड, मोर्चा अडवूनही न हटणारे आंदोलक ठाम, बी सुकवण न सोसणारे.

इंग्रजी वाक्यात वापरताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. विशेषण नामाच्या आधी येते किंवा क्रियापदानंतर. विरोध कशाला हे सांगायचे तर त्यापुढे ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय लावतात : उपचाराला, सुधारणेला, शिस्तीला. भाववाचक नाम रिकॅल्सिट्रन्स. न ऐकणारी व्यक्ती या अर्थाने रिकॅल्सिट्रंट हेच नाम म्हणूनही चालते, कीटिंग यांनी ते तसेच वापरले होते. एकदाच नाही म्हणणाऱ्यासाठी हा शब्द वापरू नये. त्यात वारंवारता गृहीत आहे. आणि ज्याच्यावर आपला कोणताही हक्क, अधिकार किंवा जबाबदारी नाही अशा व्यक्तीला तो लावला, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहूनही उद्धट होते.